दहा रेटिंगची शाळा की मोठं घर? न्यू जर्सीत घर शोधणाऱ्यांसाठी जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही दोघं जर्सी सिटीत भाड्याने राहताय, मोठा मुलगा चार वर्षांचा आहे आणि येत्या नोव्हेंबरमध्ये त्याला पाच पूर्ण होतील, धाकटी एक वर्षाची. एकाला आठवड्यातून तीन दिवस मॅनहॅटनला जावं लागतं, दुसऱ्याचं ऑफिस ब्रिजवॉटरला. एच-वन-बी व्हिसा, आय-१४० (म्हणजे नोकरीमार्फतचा ग्रीन कार्डाचा अर्ज) अप्रूव्ह, ग्रीन कार्ड रांगेत. आणि समोर दोन घरं आहेत, एक सव्वाआठ लाख डॉलरचं टाउनहाऊस जिथल्या शाळांना दहापैकी १० आणि ९ रेटिंग दिसतंय, दुसरं ७ लाखांचं चार बेडरूमचं स्वतंत्र घर जिथे ७-८ दिसतंय. मित्रमंडळी म्हणतायत "मुलांसाठी करतोय ना सगळं, मग शाळेत तडजोड कशाला?" आणि तुम्हाला रात्री झोप नाही.

पहिल्यांदा एक सांगून टाकते. मी सेंट्रल जर्सीत बरीच वर्षं रिअल इस्टेट एजंट आहे, आणि लायसन्सवाला एजंट तुम्हाला "अमुक टाउन घ्या, तिथे चांगली माणसं राहतात" किंवा "तिथे आपले लोक किती आहेत" असलं काही सांगू शकत नाही. १९६८ चा फेअर हाउसिंगचा कायदा आहे, न्यू जर्सीचा स्वतःचा त्याहून जुना कायदा आहे, आणि गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे ढकलणं किंवा दुसरीकडून वळवणं हे बेकायदेशीर धरतात. शाळांच्या गप्पा त्यात फार पटकन घसरतात. म्हणून "चांगली शाळा कुठली" या प्रश्नावर बहुतेक एजंट तुम्हाला वेबसाइट दाखवून गप्प बसतात, आणि लोकांना वाटतं की एजंटला काही माहीतच नाही. तुम्ही टाउनची नावं लिहिली नाहीत ते बरंच झालं. मी कुठलं घ्या ते सांगणार नाही, बघायचं कसं ते सांगते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय शाळेबद्दल, पण खरा प्रश्न असा आहे की या वरच्या सव्वा लाखाच्या बदल्यात तुमच्या मुलांना नेमकं काय मिळणार आहे. आणि त्याचं उत्तर त्या रंगीत आकड्यात नाही.

तो १ ते १० चा आकडा झिलो वगैरे घरांच्या साइटवर दिसतो तो ग्रेटस्कूल्स या संस्थेचा. त्यात राज्याच्या परीक्षेचे मार्क असतात, वर्षभरात मुलांनी किती प्रगती केली ते असतं, हायस्कूलला कॉलेजची तयारी वगैरे धरतात. आकडा खोटा नसतो, पण त्यातला मार्कांचा भाग हा बराचसा त्या शाळेत कुणाची मुलं येतात यावर ठरतो. ज्या टाउनमध्ये दोन्ही पालक मास्टर्स झालेले, घरी पुस्तकं, शनिवारी कुमॉनची शिकवणी, तिथल्या तिसरीच्या मुलांना मार्क पडणारच, मास्तरांनी काही केलं काय आणि नाही केलं काय. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या स्कूल डिस्ट्रिक्टचे (म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांचे) मार्क गोळा करून हेच मांडलंय, की सरासरी मार्क घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेले दिसतात, पण मुलं वर्षागणिक किती पुढे जातात हे मात्र तितकं बांधलेलं नसतं. म्हणजे ७ वाल्या शाळेत शिकवणं १० वाल्यापेक्षा चांगलंही असू शकतं, आणि तुमच्या मुलाच्या घरी जे आहे ते तो दोन्हीकडे सोबत घेऊनच जाणार आहे.

मग बघायचं काय? न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं, फुकट आहे, कुणी उघडत नाही. त्यात चौथी ते आठवीच्या इंग्रजीसाठी आणि चौथी ते सातवीच्या गणितासाठी ग्रोथ पर्सेंटाइल दिलेला असतो, म्हणजे गेल्या वर्षी साधारण सारखे मार्क असलेल्या राज्यातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं किती पुढे गेली. ५० म्हणजे मधोमध. ४० ते साठच्या जरासं खाली एवढ्या पट्ट्याला राज्य नॉर्मल धरतं. तुमच्या दोन्ही टाउनच्या मिडल स्कूलचे हे आकडे तीन-चार वर्षांचे शेजारी शेजारी लिहून बघा, एका वर्षाचा बघू नका कारण छोट्या शाळेत तो उड्या मारतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा कागद करायला लावते आणि बऱ्याच वेळा काय होतं, की १० आणि ७ च्या मध्ये जेवढी दरी वाटत होती तेवढी या रकान्यात दिसतच नाही. कधी कधी दिसतेही, आणि तेव्हा मी म्हणते की हो, इथे जास्त पैसे देण्यात काहीतरी अर्थ आहे.

त्याच रिपोर्टमध्ये अजून एक गोष्ट बघते ती म्हणजे गैरहजेरी. वर्षात दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण त्यात असतं. मार्क शिकवणीने वाढवता येतात, हा आकडा तसा सुधारून दाखवता येत नाही.

आता पत्ता. यात लोक सगळ्यात जास्त फसतात आणि फसवणारं खरं तर कुणी नसतं. न्यू जर्सीत साडेपाचशेहून जास्त म्युनिसिपालिट्या आहेत आणि साधारण तितकेच स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि पोस्टाचा पत्ता या दोघांशीही नीट जुळत नाही. लिस्टिंगवर "प्रिन्स्टन, ०८५४०" लिहिलेलं घर प्रत्यक्षात वेस्ट विंडसरमध्ये असू शकतं, प्लेन्सबरोत असू शकतं, साउथ ब्रन्सविकमध्ये असू शकतं, आणि शाळा त्या त्या डिस्ट्रिक्टची, प्रिन्स्टनची नाही. प्रिन्स्टन जंक्शन तर सरळ वेस्ट विंडसरमध्येच आहे. बेल मीड पत्ता असेल तर घर मॉन्टगोमेरीत निघतं नाहीतर हिल्सबरोत. आणि उलटंही आहे, क्रॅनबरीचं स्वतःचं हायस्कूलच नाही, तिथली मुलं आठवीनंतर प्रिन्स्टन हायस्कूलला जातात, हे टाउनच्या नावावरून कुणाला कळणार? ओक ट्री रोडवर आपण सगळे भाजी आणायला जातो तिथेच चालत चालत तुम्ही एडिसनमधून आयसेलिनमध्ये येता, आयसेलिन म्हणजे वुडब्रिज टाउनशिप, डिस्ट्रिक्ट बदलला, टॅक्स बदलला, आणि रस्त्यावर कुठे रेघ मारलेली नाही.

म्हणून ऑफर टाकण्याआधी तीन गोष्टी करा, क्रमाने. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघा, त्यावर कुठली म्युनिसिपालिटी ते असतं, तोच खरा पत्ता. मग डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर स्कूल लोकेटर किंवा स्ट्रीट लिस्ट असते त्यात घर नंबर टाकून बघा, नुसतं रस्त्याचं नाव नको, कारण एकाच रस्त्याची सम बाजू एका एलिमेंटरीला आणि विषम दुसरीला असं होतं. आणि तिसरं, डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला फोन करून हाच पत्ता सांगा आणि ईमेलवर उत्तर मागा. लिस्टिंगमध्ये शाळांची नावं लिहिलेली असतात त्यांच्यावर जाऊ नका, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खरेदीदाराने खात्री करून घ्यावी. एजंट ती नावं बहुतेक वेळा मागच्या लिस्टिंगवरून उचलतात.

एक मजेशीर गोष्ट सांगते जी बहुतेकांना घर घेऊन झाल्यावर कळते. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो हा एकच रीजनल डिस्ट्रिक्ट आहे, शाळा एकच. पण वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. आणि काउंटीच्या मॅग्नेट शाळा (ठरावीक विषयावर भर देणारी, अर्ज करून मिळणारी हायस्कूलं), म्हणजे एडिसनची इंजिनिअरिंगची आणि वुडब्रिजची हेल्थ सायन्सची, या मिडलसेक्सच्या रहिवाशांसाठी आहेत. म्हणजे एकाच वर्गातल्या दोन मुलांपैकी प्लेन्सबरोतलं मूल आठवीत तिथे अर्ज करू शकतं आणि वेस्ट विंडसरमधलं नाही. बर्गन काउंटीची अकॅडमी, मनमथची हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल, सगळ्यांचं असंच. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला इंजिनिअरिंगची मॅग्नेट लागेल का हे आज ठरवणं म्हणजे जरा जास्तच होईल, पण काउंटी कुठली हे एकदा बघून ठेवायला पैसे पडत नाहीत.

आता तुमच्या केसमध्ये माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. मुलं चार आणि एक वर्षाची आहेत. म्हणजे मोठा हायस्कूलला जाईपर्यंत दहा वर्षं आहेत, धाकटी बारावी होईपर्यंत सतरा. आज तुम्ही ज्या एलिमेंटरीच्या १० कडे बघताय त्या शाळेत तुमची मुलं फार तर पाच-सहा वर्षं काढणार, आणि तेवढ्यात तिचा आकडा बदलेल, प्रिन्सिपल बदलेल, कदाचित कुठल्या घराला कुठली शाळा ही हद्दच बदलेल. हद्द बदलणं ही इथे नेहमीची गोष्ट आहे. माउंट लॉरेल खटल्याच्या १९७५ च्या निकालापासून टाउनवर परवडणारी घरं होऊ द्यायची जबाबदारी आहे, आत्ताची फेरी २०२५ ते २०३५ ची आहे, आणि त्यापायी बहुतेक टाउनमध्ये हायवेला लागून अपार्टमेंट उभी राहतायत. मुलं वाढली की शाळा भरते, भरली की डिस्ट्रिक्टचं बोर्ड नकाशा काढून बसतं. त्या मीटिंग बघण्यासारख्या असतात हो, एरवी शांत असलेले शेजारी माइकसमोर रडवेले होऊन बोलतात, कारण त्यांनी घर घेताना त्या एका शाळेचे पैसे मोजलेले असतात. बोर्ड मात्र दरवेळी सांगतं की कुठल्याही घराला कुठल्याही ठरावीक शाळेची हमी नाही, आणि ते खरंच आहे.

म्हणून लहान मुलं असलेल्यांना मी म्हणते की एलिमेंटरी सोडा, डिस्ट्रिक्ट बघा, आणि त्यातही आधी हे बघा की हायस्कूल एक आहे की दोन. साउथ ब्रन्सविक, मॉन्टगोमेरी, ब्रिजवॉटर-रॅरिटन इथे हायस्कूल एकच, म्हणजे घर कुठेही घेतलं तरी शेवटची चार वर्षं सगळे एकाच बिल्डिंगमध्ये. एडिसनमध्ये दोन आहेत, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स, आणि लोक मंडळाच्या कार्यक्रमात भेटल्या भेटल्या विचारतात "नॉर्थ एडिसन का साउथ?" वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोतही नॉर्थ आणि साउथ अशी दोन. जिथे दोन आहेत तिथे मधल्या रेघेजवळचं घर घेताना मी गिऱ्हाइकाला सरळ विचारते, उद्या ही रेघ चार ब्लॉक सरकली तर तुम्हाला हे घर तरीही आवडेल का? उत्तर नाही आलं तर तिथे त्या भावाने घेऊ नये.

बोर्डाच्या मीटिंगबद्दल बोलतेय तर, त्या सगळ्यांना खुल्या असतात आणि बऱ्याच डिस्ट्रिक्टचे व्हिडिओ यूट्यूबवर पडलेले असतात. मार्च-एप्रिलच्या बजेटच्या मीटिंग बघा. मास्तर कमी करणार आहेत का, बसचे पैसे लावणार आहेत का, बिल्डिंगसाठी बाँड (म्हणजे कर्ज) आणणार आहेत का, एक-दोन तासांत टाउनची नाडी कळते. २०१८ नंतर राज्याने शाळांना द्यायच्या मदतीचं वाटप बदललं त्यात काही टाउनची मदत वर्षानुवर्षं कापली गेली आणि काहींची वाढली, आणि स्थानिक टॅक्स मात्र वर्षाला साधारण २ टक्क्यांवर वाढवता येत नाही, त्यामुळे कात्री कशावर चालते ते तिथेच दिसतं. आणि एखाद्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी गाडी जरा लांब लावून नुसतं बघा. मागे ट्रेलर उभे करून त्यात वर्ग भरतायत का, गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते, चालत येणाऱ्या मुलांसाठी फुटपाथ आहे का.

फुटपाथवरून बसचं सांगते, कारण हे लोकांच्या हिशोबातच नसतं. राज्याच्या नियमाप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलांना घर शाळेपासून २ मैलांपेक्षा लांब असेल तरच डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते, हायस्कूलला अडीच मैल. त्याच्या आत असाल तर बस ही मेहेरबानी, नाहीतर पैसे भरून घ्यायची. म्हणजे १.८ मैलांवरचं घर हे सगळ्यात अडचणीचं, चालायला लांब आणि बसला जवळ. माझं एक जोडपं होतं, दोघं नोकरीला, शाळेपासून दीड-पावणेदोन मैलांवर घर, मधे चार लेनचा रस्ता. शाळा झकास होती, पण रोज ३ वाजता कुणीतरी गाडी घेऊन जायचं, नाहीतर आफ्टरकेअर, आणि आफ्टरकेअरची वेटिंग लिस्ट. शेवटी आजी-आजोबांना सहा सहा महिने बोलवून काढलं. तुमच्यात एक मॅनहॅटनला आणि एक ब्रिजवॉटरला, म्हणजे ३ वाजता घरी कोण असणार याचं उत्तर आधी पाहिजे, रेटिंगचं नंतर. किंडरगार्टन फुल-डे आहे की हाफ-डे हेही विचारा, सगळीकडे अजून सारखं नाही.

ट्रेनचंही त्यातच आलं. मेट्रोपार्क, मेटचन, एडिसन, प्रिन्स्टन जंक्शन ही नॉर्थईस्ट कॉरिडॉरवर, थेट न्यू यॉर्क पेन. साउथ ब्रन्सविकमध्ये स्टेशनच नाही, शेजारच्या टाउनला गाडीने जायचं किंवा बस पकडायची. ब्रिजवॉटरच्या बाजूची रॅरिटन व्हॅली लाइन बहुतेक वेळा नेवार्कला बदलावी लागते. आणि स्टेशन जवळ असून भागत नाही, पार्किंगचं परमिट रहिवाशांनाच आहे का, वेटिंग आहे का, ते बघा.

आता पैशाचं बोलू. तुमच्या दोन घरांमधला फरक सव्वा लाख. दोन्हीकडे २० टक्के डाउन धरलं आणि समजा साडेसहा टक्क्याने ३० वर्षांचं लोन, तर १ लाखाच्या जास्तीच्या लोनचे महिन्याला साधारण ६३० डॉलर. टॅक्स किंमतीच्या २.२ टक्के धरला तर फरकाचे महिन्याला २३० च्या आसपास. टाउनहाऊसचा एचओए, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, समजा ३५०. म्हणजे महिन्याला बाराशे डॉलर जास्त, वर्षाला १४ हजारांच्या वर. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र घराचं छप्पर, बर्फ, गवत, वॉटर हीटर हे तुमच्या डोक्यावर, त्यामुळे सगळेच्या सगळे बाराशे वाचत नाहीत, पण निम्मे तरी वाचतात. टॅक्स तुमच्या टाउनचा प्रत्यक्ष काय आहे तो बिलावरून घ्या, माझा २.२ हा हिशोबापुरता आहे. न्यू जर्सीचा सरासरी घराचा प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेला, देशात सगळ्यात जास्त, आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळांना जातो. नवीन बांधकाम असेल तर लिस्टिंगवर दिसणारा टॅक्स कधी कधी नुसत्या जमिनीचा असतो, घर पूर्ण झाल्यावरचं बिल वेगळंच येतं, हे विसरू नका.

तुम्ही म्हणाल की चांगल्या रेटिंगचं घर विकताना तेवढेच जास्त मिळतील ना. मिळतात, बहुतेक वेळा. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली बॉस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून बघितली होती, तेव्हा मार्कांत ५ टक्के फरक असेल तर लोक घराला साधारण अडीच टक्के जास्त देतात असं निघालं. म्हणजे शाळेचे पैसे घराच्या किमतीत आधीच धरलेले आहेत, स्वस्तात कुणी सोडत नाही. विकताना परत येतात ते मुद्दल, पण मधल्या पंधरा वर्षांचं व्याज, टॅक्स आणि एचओए जातात ते जातातच. हे पैसे वाया गेले असं मी म्हणत नाही. ते कशाला जातायत ते बघून द्या एवढंच. महिन्याला सहा-सातशे डॉलर हाताशी असले तर त्यात स्विमिंग बसतं, पोहायला नको तर तबला, उन्हाळ्याचा कॅम्प बसतो, भारताची चार तिकिटं बसतात.

आणि एक बाजू आहे जी आपल्या लोकांत उघड बोलत नाहीत. फार वर रेटिंग असलेल्या हायस्कूलमध्ये दडपण असतं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोनेच २०१५ मध्ये हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, काही रात्री होमवर्क नाही असं ठरवलं, कारण मुलांचे ताण फार वाढले होते. त्यावर पालकांत सरळ दोन तट पडले होते. काही मुलं त्या वातावरणात फुलतात, मी बघितलीयेत. काही मुलं, एरवी हुशार, स्वतःला मध्यम समजायला लागतात आणि गणिताच्या वरच्या ग्रुपमध्ये नाव आलं नाही म्हणून सहावीतच हिरमुसतात. तुमचा मुलगा कुठल्या प्रकारचा हे चार वर्षांचा असताना कळत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या मुलाला सामावून घेईल असा डिस्ट्रिक्ट बघा, म्हणजे वर जायला वाट आहे पण मधल्या मुलाकडेही कुणी बघतंय. हे ओळखायचं कसं? ज्यांची मुलं तिथे आठवी-नववीत आहेत आणि फार चमकत नाहीत अशा दोन पालकांशी बोला. टॉपरच्या आईला विचारू नका, तिला सगळं छानच वाटतं.

मुलाला स्पीच थेरपी, आयईपी (मुलाच्या खास गरजांप्रमाणे शाळेने लिहून दिलेला आराखडा) वगैरे काही लागत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि डिस्ट्रिक्टचं स्पेशल एज्युकेशन ऑफिस कसं आहे तेवढंच बघा. ही सोय कायद्याने तीन वर्षांपासून फुकट मिळते, पण देण्याची पद्धत टाउनागणिक वेगळी असते आणि रेटिंगमध्ये ते फारसं दिसत नाही.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? नाही सांगणार म्हणत होते तरी पद्धत सांगते. ७ वाल्या टाउनचे ग्रोथचे आकडे १० वाल्याच्या आसपास असतील, हायस्कूल एकच असेल किंवा घर रेघेपासून लांब असेल, आणि ३ वाजता मुलांना घ्यायची सोय बसत असेल, तर मी ७ लाखांचं घर घेतलं असतं आणि मित्रमंडळींना चहाला बोलावलं असतं. ग्रोथचे आकडे सलग काही वर्षं चाळिशीच्या खाली असतील, किंवा बजेटमध्ये दरवर्षी मास्तर कापत असतील, तर नसतं घेतलं, घर कितीही मोठं असो. आणि १० वाल्या टाउनमधून तुमची मॅनहॅटनची गाडी रोज तास-दीड तास वाचवत असेल तर तो वेगळा हिशोब आहे, तेव्हा टाउनहाऊसचे जास्तीचे पैसे तुम्ही शाळेला नाही, वेळेला देताय, आणि लहान मुलं असताना वेळ महागच असते.

व्हिसाचं. आय-१४० अप्रूव्ह आहे म्हणजे एक्स्टेन्शन मिळत राहतं, घर घ्यायला आडकाठी नाही, बँका लोन देतात. पण नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाने मिळणाऱ्या ६० दिवसांत काय करणार याचं उत्तर पाहिजे, म्हणून मी एच-वनवाल्यांना सांगते की डाउनपेमेंट देऊन झाल्यावर सहा महिन्यांचा हप्ता आणि टॅक्स बाजूला राहिला पाहिजे. प्रॉपर्टी टॅक्स तिमाही असतो, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. सव्वाआठ लाखाच्या घरात हे पैसे उरत नसतील आणि ७ लाखाच्या घरात उरत असतील तर माझ्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. आणि भाड्याने राहणाऱ्याच्या मुलालाही शाळेचा हक्क तेवढाच असतो, लीज दाखवायचं की झालं. टाउनबद्दल मनात शंका असेल तर एक वर्ष तिथे भाड्याने राहून बघणारे मी बघितलेत आणि त्यातले काही त्याच टाउनमध्ये घेतात, काही दुसरीकडे जातात, पण रात्री जागत नाहीत.

राहिलं घाईचं. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरच्या आत क्लोजिंग (घर नावावर होणं) झालंच पाहिजे कारण किंडरगार्टन. पण मुलाला पाच नोव्हेंबरमध्ये होतायत. बहुतेक डिस्ट्रिक्टची तारीख १ ऑक्टोबर असते, काही ठिकाणी टेस्ट घेऊन लवकर घेतात पण ते अपवाद. म्हणजे तो या सप्टेंबरला नाही, पुढच्या सप्टेंबरला किंडरगार्टनला जाणार, तुमच्याकडे पूर्ण एक वर्ष आहे. आणि तुम्ही आत्ता जर्सी सिटीत आहात, ती ॲबट डिस्ट्रिक्टपैकी (कोर्टाच्या निकालाने राज्याची जास्तीची मदत मिळणाऱ्या गरीब डिस्ट्रिक्टपैकी) आहे, १९९८ च्या कोर्टाच्या निकालापासून तिथे तीन आणि चार वर्षांच्या मुलांना दिवसभराची प्रीके (किंडरगार्टनच्या आधीची शाळा) सरकारी खर्चाने आहे. हे सोडून सबर्बमध्ये गेलात तर तेच वर्ष बहुधा डेकेअरला महिन्याला हजार-दीड हजार तरी मोजाल. तेव्हा आधी तिथल्या अर्ली चाइल्डहूड ऑफिसला फोन करून या सप्टेंबरसाठी त्याचं नाव घाला, हवी ती शाळा मिळेलच असं नाही पण जागेसाठी प्रयत्न आत्ताच करायला हवा. घरं बघणं चालू ठेवा, ऑफर पुढच्या फेब्रुवारी-मार्चपासून टाका, जून-जुलैमध्ये क्लोजिंग. किंडरगार्टनचं रजिस्ट्रेशन बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीपासून चालू होतं, पण उन्हाळ्यात राहायला आलेल्यांनाही घेतातच, त्यासाठी क्लोजिंगचे कागद, एक युटिलिटी बिल, जन्मदाखला आणि लसीकरणाचा फॉर्म एवढं एका फाइलमध्ये लावून ठेवा. भारतातून आणलेला लसीचा कागद असेल तर तो इथल्या पिडिआट्रिशियनकडून त्यांच्या फॉर्मवर उतरवून घ्या, रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर लोक बहुतेक वेळा त्यापायीच परत फिरतात.